रुळापलीकडच्या वहिनी

सकाळी घरातली पुरुषमंडळी कामाला बाहेर पडल्यापासून दिवेलागणीपर्यंत माणसाच्या तोंडचा एकही शब्द कानांवर पडला नाही, असा दिवस तुम्ही कधी काढला आहे का? एखादा नव्हे, असे ओळीने पुष्कळ? काढला नसेल तर आमच्या वहिनींविषयी मी लिहितो आहे ते जरा सबुरीने वाचा. काढला असेल तर तुम्ही बहुधा बाईमाणूस असाल, आणि मग मी तुम्हाला नवीन काय सांगणार?

वहिनी बोलत. त्यांच्याविषयी पहिली गोष्ट सांगायची ती हीच. जुन्या नाशकातल्या आमच्या गल्लीत त्या भांडी घासताना समोरच्या गॅलरीतल्या बाईशी बोलत, तांदूळ निवडताना खालून जाणाऱ्या कासारणीशी बोलत, आणि गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, धुणे घेऊन गेल्या की परत येईपर्यंत पंचवटीत कोणाची लेक माहेरी आली इथपासून सगळे त्यांना ठाऊक झालेले असे. गल्लीतल्या दोन घरांत अबोला असला तर निरोप वहिनींच्या मार्फत जात, आणि वाटेत त्या निरोपातले तिखट बरेच कमी होई. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणे, "देवळालीच्या छावणीतल्या तोफा एक वेळ गप्प बसतील, ही बसायची नाही."

"मी गप्प बसले तर गावात काय चाललंय ते तुम्हाला कोण सांगेल?" वहिनी आतून म्हणत. "तुमची कचेरी?"

दादा मामलेदार कचेरीत कारकून. मी एका लहानशा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवीत असे, आणि उरलेल्या वेळात पत्रके लिहीत असे. अक्षरे मी शाळेत शिकलो, पण वाचायला शिकलो ते पत्रकांवर. जे काही खरे असेल ते एका कागदावर मावते, असे मला वाटे. सिंहस्थाची गर्दी ओसरली आणि गल्लीतली गटारे तशीच तुंबलेली राहिली, तेव्हा मी 'शहर सोडा' नावाचे पत्रक काढले. ऊन, मोकळी हवा, क्षय, गुदमरलेली मुले, सगळे त्यात होते. दादा माझी पत्रके सहसा पुड्या बांधायला वापरी. हे मात्र त्याने वाचले आणि म्हणाला, "बघू या तरी एखादी जागा."

मग आम्ही दोघे दर रविवारी सायकली काढून बाहेर पडू लागलो. गंगापूरचा रस्ता पावसाळ्यात सायकलीचे हाडन्‌हाड मोकळे करील असा होता. सातपूरला झाडी छान, पण दादाच्या कचेरीच्या वेळेला सर्व्हिस मोटार नाही. देवळालीची हवा सर्वांत चांगली. पण तिथले बंगले मुंबईहून हवा खायला येणाऱ्यांसाठी बांधलेले, कचेरीतल्या कारकुनासाठी नव्हेत. शेवटी नाशिकरोडच्या पुढे, रेल्वेचे फाटक ओलांडून गेल्यावर, एक कौलारू घर सापडले. दोन खोल्या, पुढे ओटा, विहिरीला गोडे पाणी. सर्व्हिस मोटारीचा थांबा चालण्याच्या टप्प्यात. त्या दिवशी फाटकाशी बाजाराला निघालेल्या माणसांची रांग लागली होती, कोणी कोंबड्या घेऊन, कोणी पोरे खांद्यावर घेऊन. वस्ती चांगली गजबजलेली आहे, असे आम्ही परस्परांना सांगितले.

घरी आल्यावर आम्ही दोघे आळीपाळीने त्या घराचे वर्णन करीत होतो. वहिनी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"शेजारी कोण आहे?"

"वहिनी, शेजार म्हणजे गल्लीतली कटकट," मी म्हणालो. "तिथे मोकळी हवा आहे."

"हवा बोलते का, भाऊजी?"

आम्ही दोघेही हसलो. मी जरा जास्तच हसलो. हसणे म्हणजे उत्तर दिल्यासारखेच आहे, असा माझा तेव्हा समज होता. वहिनींना घर दाखवायला न्यावे हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आले नाही. सायकली दोन होत्या, आणि त्या दोन्हींवर आम्ही बसलो होतो.

नव्या घरी सकाळी दोन डबे भरले जात. दादा मोटारीने जाई, मी सायकलीने. त्यानंतर त्या घरात आणि त्या घराभोवती कोणी नसे. बाजाराची माणसे फक्त रविवारी त्या वाटेने जात. एरवी बाभळी, शेताचे बांध, आणि गाड्या. वहिनी दूधवाल्याला इतका वेळ उभा करून ठेवू लागल्या की तो आमच्या घरचे दूध सगळ्यांत शेवटी घालू लागला. संध्याकाळी आम्ही आलो की त्या दारातच सुरू होत. "आज मेल उशिरा गेली. मालगाडीत म्हशी होत्या. एक कावळा आहे बघा, त्याचा एक पाय..." दादा म्हणे, "अगं, पाय तरी धुऊ दे." मी पुस्तक उघडी. गावात काय चालले आहे ते आता आम्हाला ठाऊक असे आणि त्यांना नसे, आणि ते सांगण्याइतके बोलायची आम्हाला सवय नव्हती.

चैत्रात त्यांनी हळदीकुंकू मांडले. गल्लीतल्या सगळ्या बायकांना माझ्याकरवी बोलावणे धाडले होते. ओटा सारवला, गौर मांडली, कैरीची डाळ केली, पन्हे केले, हरभरे भिजवले. सुट्टी असल्यामुळे मी घरीच होतो. ऊन उतरले तरी कोणी आले नाही. येणार कसे? परतीची शेवटची मोटार दिवेलागणीपूर्वी सुटे, आणि सुनांना एकट्याने टांग्यात बसवून रुळापलीकडे पाठवील असे एकही घर आमच्या गल्लीत नव्हते. हे वहिनींना ठाऊक नव्हते असे नाही. तरी त्या पैठणी नेसून ओट्यावर बसून राहिल्या.

तेवढ्यात कुंपणाशी फाटकवाल्याची बायको येऊन उभी राहिली. फातमाबी तिचे नाव. नवऱ्याची बदली होऊन नुकतीच मनमाडहून आलेली.

"बाई, पाव्हने येणार होते ना तुमच्याकडे?" ती म्हणाली. "मी सकाळपासून बघतेय, टांगा आला की फाटक लवकर उघडायचं म्हणून."

"पाव्हणे आले," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही आलात ना. वर या."

"वर कशाला? मी इथंच बरी."

"तिथून तुमचं बोलणं मला नीट ऐकू येत नाही."

फातमाबी पायरीवर टेकली. वहिनींनी तिच्या पदरात हरभरे घातले, मोगऱ्याचा गजरा दिला, डाळीची वाटी दिली. मग दोघी ज्या बोलायला लागल्या! "आमच्या मनमाडला दिवसभर मान्सं," फातमाबी सांगत होती. "हितं गाडी येते, जाते. गाडीशी काय बोलू? नवरा तर झेंडीशी बोलतो." वहिनी पोट धरून हसल्या. नव्या घरात आल्यापासून तसे हसणे मी ऐकले नव्हते.

त्या दिवसापासून दुपारी काम उरकले की वहिनी फाटकावर जात. चौकीच्या सावलीत दोघी बसत. एक वाकळ शिवी, दुसरी शेंगा सोली. संध्याकाळी आम्हाला आता मालगाडीतल्या म्हशी ऐकाव्या लागत नसत. फातमाबीच्या सासूने मनमाड टेसनवर एका साहेबाला कसे झापले ते ऐकायला मिळे, आणि ते दादाही हात धुता धुता ऐकून घेई.

आणि मी काय केले? मी पत्रक लिहिले. धर्माच्या भिंती पाडा म्हणून ओरडणाऱ्यांनो, रुळापलीकडे येऊन पाहा, अशी त्याची सुरुवात. नाव घातले नव्हते. 'माझ्या घरातील एक साधी स्त्री' एवढेच म्हटले होते. पण खाली माझे नाव होते, आणि मला एकच वहिनी आहे हे अवघ्या नाशकाला माहीत होते. मी ते स्वतः जुळवले, स्वतः छापले, रविवार कारंजाच्या चौकात उभा राहून वाटले. वहिनींना मी विचारले नाही. चांगल्या गोष्टीला परवानगी कसली, असे मला वाटले असावे. खरे म्हणजे तेवढेही वाटले नाही.

कचेरीत कोणीतरी ते दादासमोर मोठ्याने वाचून दाखवले. त्या संध्याकाळी तो पाय न धुताच आत आला.

"उद्यापासून फाटकावर जायचं नाही," तो वहिनींना म्हणाला.

मी उठलो. समता, शेजारधर्म, स्त्रीचा हक्क, मला जे जे येत होते ते सगळे मी बोललो. "तुझं भाषण गावात दे," दादा म्हणाला. "मला उद्या कचेरीत तोंड दाखवायचं आहे." पाने वाढून होईपर्यंत आमचे चालले होते. वादात मी हरलो नाही. पण वहिनी दुसऱ्या दिवशी फाटकावर गेल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशीही नाही.

दोन-चार दिवसांनी त्यांनी मला ते पत्रक वाचून दाखवायला सांगितले. मी वाचले, आवाज चढवून वाचले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण ह्यात मी कुठं बोलतच नाही."

मी येता-जाता फाटक ओलांडत असे. फातमाबी विचारी, "भाऊसाब, बाईंना बरं नाय काय?" मी म्हणे, "कामात आहेत." कागदावर खऱ्यासाठी भांडणारा मी, त्या फाटकावर रोज खोटे बोलून पॅडल मारीत पुढे जात असे. घरी वहिनी हळूहळू कमी बोलू लागल्या. दारात सुरू होणे थांबले. मेल कधी गेली ते आम्ही विचारले तरच सांगत. दादा एकदा मला म्हणाला, "हिला काही होतंय का रे?" आम्ही वैद्यांना बोलावले. वैद्यांनी नाडी पाहिली आणि हवा उत्तम आहे म्हणाले.

पुढे दादाची मालेगावला बदली झाली. निघायच्या दिवशी वहिनी आणि दादा टांग्यात होते, मी त्यांना पोचवायला मागून सायकलीवर. फाटक बंद होते. मालगाडी यायची होती. फातमाबी चौकीतून उतरून टांग्यापाशी आली. "चाललात, बाई? मालेगावला माझी खाला, म्हंजे मावशी, हाय. तिला सांगून ठेवते." वहिनींनी तिचा हात धरला. तेवढ्यात गाडी आली, आणि ती लांबलचक गाडी संपेपर्यंत कोणाला कोणाचे काही ऐकू येईना. दादा पूर्ण वेळ दुसरीकडे पाहत राहिला. ते त्याने समजून केले असावे, आणि ते मी त्याच्या बाजूने नमूद करतो. गाडी गेली, फाटक उघडले, आणि टांगेवाल्याने घोडा हाकला.

मोटारस्टँडवर दादा वळकट्या टपावर चढवीत होता. मी वहिनींना म्हणालो, "मालेगावचं घर भर गल्लीत आहे म्हणे. दिवसभर विणकरांच्या मागांचा खडखडाट, शेजार तर भरपूर."

"असेल," त्या म्हणाल्या. "आता मला तेवढं लागत नाही."

नाशकाबाहेर आता नव्या वस्त्यांच्या पाट्या लागू लागल्या आहेत. वाचकहो, तुमच्यापैकी कोणी येत्या रविवारी जागा पाहायला जाणार असेल. रविवारी जाऊ नका. मंगळवारी जा, भर दुपारी, कचेरीची रजा काढून. सायकल घरी ठेवा, टांगा करा, आणि तुमच्यामागे त्या घरात जिचा दिवस जाणार आहे तिला बरोबर न्या. तिला ओट्यावर बसवा आणि तुम्ही बाजूला व्हा. पाण्याची, हवेची, मोटारीच्या वेळांची गोष्ट काढू नका. पुरेसा वेळ तिथे गेल्यावर ती "चला परत" म्हणाली, तर एक शब्दही न बोलता परत या.