भुरू, दुपारी एक ते चार

बातमीदाराच्या डोक्यात एक अडगळीची खोली असते. छापून आलेलं सगळं रद्दीत जातं आणि न छापलेलं या खोलीत साचत राहतं. माझ्या खोलीत नगरसेवक आहेत, बिल्डर आहेत, दोन-तीन भोंदू बाबाही आहेत. पण सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेत ते कुत्री पाळणारे लोक!

याला जबाबदार आमचे संपादक. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांच्या बसेस भरून जायला लागल्या, तसं आमच्या पेपरला आपण मागे पडतोय असं वाटायला लागलं आणि रंगीत पुरवणी निघाली. संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, नव्या पिढीला कुत्री हवी आहेत. 'कुत्रा पाळायला खर्च किती?' मस्त लिहा. कोष्टकासकट!"

मी उभं आयुष्य महापालिकेवर लिहिण्यात घालवलेलं. खडकवासल्यात पाणी किती आणि नळाला किती, हे विचारून अधिकाऱ्यांना घाम फोडलेला.

"शहराला धड पाणी येत नाही आणि आपण कुत्र्याचा शाम्पू छापायचा?" मी विचारलं.

"शाम्पूची जाहिरात आली आहे," संपादक शांतपणे म्हणाले.

लेख लिहिला. कोष्टकात लस, खाद्य, पट्टा, डॉक्टर असं सगळं आलं. खरा खर्च मात्र कोष्टकात बसेना. तो इथे सांगते.

*

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत कुत्रेवाल्यांचा एक कंपू होता. रोज सकाळी टेकडीच्या पायथ्याशी जमायचा. माझ्याकडे कुत्रा नाही. लेखासाठी माहिती घ्यायला म्हणून गेले आणि चिकटले.

कंपूतली सगळ्यात धाकटी म्हणजे सरोज गजभिये. भंडाऱ्याची पोरगी, सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायची. घरात ती आणि भुरू. भुरू म्हणजे कंपनीच्या बसस्टॉपवर सापडलेलं, तापानं फणफणलेलं पिल्लू. आता चांगला तगडा गडी झाला होता.

त्याच महिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी देवधर यांनी तिला बजावलं. कुत्रा दुपारी एक ते चार भुंकतो. महिनाअखेर एकतर कुत्रा हलवावा, नाहीतर भाडेकरूनं हलावं.

एक ते चार! पुण्यात या वेळात दरोडा घातला तर एक वेळ माफी मिळेल. भुंकण्याला नाही!

"दुसरा फ्लॅट बघ," मी सरोजला म्हटलं.

"ताई, घर पाहायला गेलं की आधी आडनाव विचारतात. मग घरात काय शिजते ते विचारतात. मग एकटी काऊन राहता, हे विचारतात. तीन पेपर पास झाले की चौथ्याला भुरू!"

माझं डोकं सणकलं. म्हटलं, थांब. सोसायटीच्या सभेत बघतेच एकेकाला! आणि मी कुत्रेवाल्यांचा पाठिंबा गोळा करायला निघाले.

*

पहिली भेट कांतीलालशेठची. मार्केट यार्डात त्यांचा कांदा-बटाट्याचा गाळा. गिऱ्हाईक आलं तरच पंखा लावणारा माणूस! त्यांना कुणीतरी सेंट बर्नार्डचं पिल्लू भेट दिलं. बर्फातला कुत्रा पुण्यात आला आणि त्याचं नाव पडलं शेरू.

पहिल्याच मे महिन्यात शेरू आडवा झाला. डॉक्टर म्हणाले, याला गारवा लागेल. शेठनी तडक एसी आणून बसवला. आधी शेठाणी "शेरूला बघून येते" म्हणून त्या खोलीत जायला लागल्या. मग मुलं गाद्या घेऊन गेली. मी गेले तेव्हा सगळं घर शेरूच्या खोलीत होतं आणि मधोमध शेरू, एखाद्या संस्थानिकासारखा!

"शेठ, केवढा हा खर्च!" मी म्हटलं.

शेठ हळूच म्हणाले, "बाई, स्वतःसाठी लावला असता तर आईनं उधळ्या म्हणून घराबाहेर काढलं असतं. कुत्रा आजारी आहे म्हटल्यावर काही बोलली नाही. आता बघा."

मी बघितलं. कोपऱ्यातल्या पलंगावर त्यांच्या मातोश्री. अंगावर दोन गोधड्या, हातात रिमोट!

सभेला यायला शेठ तयार होते. बोलायला मात्र नव्हते. "देवधरांनी शेरूला लिफ्ट बंद केली, तर पाचव्या मजल्यावर त्याला उचलून कोण नेणार? मी?"

*

दुसरे सुभेदार जाधव. सैन्यातून निवृत्त. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत त्यांनी पोरांकडून कवायत करून घेतली होती. अशा माणसाच्या हातात आता पांढऱ्या पॉमेरेनियनची गुलाबी दोरी होती!

कुत्री मुलीची, नाव ब्राउनी. आयटीतल्या पोरांची ही एक नवीनच रीत निघाली होती. पहिल्या पगारात कुत्रा घ्यायचा, दुसऱ्या वर्षी अमेरिकेला जायचं आणि कुत्रा आईबापांच्या पदरात टाकायचा! मी यावर अग्रलेख मागितला होता. मिळाला नाही.

दर रविवारी मुलीचा फोन यायचा. "बाबा, आधी ब्राउनीला द्या!" सुभेदार रिसीव्हर कुत्रीच्या कानाला लावायचे. कुत्री ढिम्म. तिकडे डॉलर पळतायत. शेवटी सुभेदार कवायतीच्या मैदानावरचा आवाज काढायचे, "बोल!" त्या आवाजानं खाली रस्त्यावरचा पेपरवाला सायकलवरून उतरायचा. ब्राउनी जांभई द्यायची.

मग मुलीला दिवस गेले. तिनं दोघांनाही बोलावलं, तिकिटं पाठवली. पहिलं नातवंड! विमानात मात्र जाधवकाकू एकट्याच बसल्या.

मी सुभेदारांना फैलावर घेतलं. "अहो, तिकडे पोटची पोर बाळंत होतेय आणि तुम्ही इथे कुत्रीला फिरवताय?"

"तिकडे तिची आई गेलीय, नवरा आहे, दवाखाना आहे," सुभेदार म्हणाले. "हिला इथे कोण आहे?"

मी तीस वर्षं उलटतपासणी करतेय. ती तिथेच थांबवली आणि सभेला याल का, एवढंच विचारलं. ते "हो" म्हणाले.

*

डॉ. शेख म्हणजे आमच्या भागातले जनावरांचे डॉक्टर. कोष्टकासाठी त्यांच्या दवाखान्यात बसले असताना एक काका आले. बरोबर कुत्रा नव्हता.

"आणला नाही. त्याला जिना उतरवत नाही. गुडघा दुखतो."

"कोणता पाय?"

"उजवा. सकाळी आखडतो, ऊन पडलं की बरा असतो. पासबुक भरायला रांगेत उभा राहिला की मात्र फार ठणकतो."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "काका, त्याला म्हणावं, हाडाच्या डॉक्टरांना दाखव. माणसांच्या. आणि बँकेत सुनेला पाठवत जा."

काका उठले. दारात थांबून म्हणाले, "सांगतो त्याला. पण ऐकणारा नाही तो!"

*

सरोजचं एक स्थळ आलं होतं, त्याचीही गोष्ट याच खर्चातली. मुलगा पुण्यातच इंजिनियर, आईवडील बरोबर. सरोजकडचं थोरलं माणूस म्हणून मी बसलेली. पोहे झाले, पगार झाले, पत्रिकेचं त्यांनीच नको म्हटलं. सगळं जुळत आलं होतं. भुरू मुलाच्या बुटावर हनुवटी टेकून पसरला होता. मुलगाही त्याचा कान खाजवत होता.

मुलाची आई गोड आवाजात म्हणाली, "लग्नानंतर याला कुणाला तरी देऊन टाकाल ना?"

सरोजनं बशी खाली ठेवली. "काकू, मी याला उचललं तेव्हा हा तापानं पडून होता. याला आज द्यायचं असेल, तर पुढं तुम्ही आजारी पडलात की तुम्हाला कोणाकडं द्यायचं, तेही आत्ताच ठरवून घेऊ."

स्थळ गेलं. भंडाऱ्याची आई लेकीशी फोनवर बोलेनाशी झाली. पुढे दिवाळीच्या सुमारास ट्रॅव्हल्सच्या गाडीतून एक पोतं आलं. घरच्या शेतातला तांदूळ. बरोबर निरोप, "तुझ्यासाठी नाही. त्याच्या भातासाठी."

*

महिनाअखेर सभा भरली. देवधर टेबलाशी बसलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. सरकारी कारखान्यात तपासणी विभागात नोकरी केलेला माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सिडनीला. सगळी सोसायटी त्यांना टरकून असायची. त्यांच्याबद्दल एक गोष्ट मात्र शपथेवर सांगता येत होती. ते दुपारी झोपत नसत. पुण्यात असा पेन्शनर मी दुसरा पाहिला नाही!

मी आवाज चढवला. "भुंकतो याला पुरावा काय? कुणी ऐकलं? चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी तक्रार केली म्हणून एका मुलीचं घर काढून घ्यायचं?"

कांतीलालशेठ छताकडे बघत होते. सुभेदार तेवढे उठून माझ्या शेजारी उभे राहिले. सरोज खाली मान घालून बसलेली.

"बाई, पुरावा हवा हे मला मान्य आहे," देवधर म्हणाले. "तपासणी झाल्याशिवाय मी कारखान्यात खिळासुद्धा नापास केला नाही. निरीक्षण समिती नेमू. समितीचा अहवाल येईपर्यंत कारवाई स्थगित."

समितीत तिघं. देवधर, खजिनदार फडणीस आणि कुत्र्याच्या बाजूनं सुभेदार. सरोजच्या दाराबाहेर तीन खुर्च्या. दुपारी एक ते चार, आतला कुत्रा भुंकतो का, ते ऐकायचं. देशातली ही पहिलीच समिती असावी, जिचं काम फक्त कान देणं होतं!

*

पहिल्या दिवशी अडीचला मी बघायला गेले. फडणीस भिंतीला डोकं लावून घोरत होते. सुभेदार ताठ बसून, हात गुडघ्यावर, सावधान स्थितीतच झोपले होते. देवधर एकटे जागे.

चार वाजता फडणीस उठले, डोळे चोळले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "भुंकला नाही. निदान मला तरी ऐकू आला नाही."

"झोपलेल्या साक्षीदाराची साक्ष ग्राह्य नाही," देवधर म्हणाले. "उद्या पुन्हा."

दुसऱ्या दिवशी फडणीस आलेच नाहीत. "मी कुत्र्याला माफ केलं, पण दुपारची झोप मोडणार नाही," असा निरोप आला. तिसऱ्या दिवशी सुभेदारही आले नाहीत. ब्राउनीला म्हणे एकटं वाटत होतं. तीन खुर्च्यांतली एकच उरली. देवधर तिच्यावर रोज एकच्या ठोक्याला येऊन बसायचे. सोबत चहाचा थर्मास आणि आमचा पेपर.

माझा संताप काही कमी झाला नव्हता. वाटायचं, हा माणूस पुरावा मिळेपर्यंत उठणार नाही! सरोज तर रोज ऑफिसातून मला फोन करायची. "ताई, भुंकला का?"

एका दुपारी मी जिना चढत होते, तर वरून वाचल्याचा आवाज येत होता. देवधर बंद दाराकडे तोंड करून पेपर वाचत होते. मोठ्यानं! आणि वाचत काय होते, तर माझाच लेख, कुत्रा पाळायला खर्च किती! दाराच्या फटीत आतून भुरूचं काळं नाक टेकलेलं.

"ऐकतोय?" मी विचारलं.

"ऐकतोय," देवधर मान वर न करता म्हणाले. "पण तुमचं कोष्टक पटत नाहीये त्याला."

*

पुढची सभा भरली तेव्हा सरोजचा घरमालकही फोनवर होता. सरोजनं सामान बांधायला खोकीसुद्धा आणून ठेवली होती. मी भांडायच्या पूर्ण तयारीनं पहिल्या रांगेत.

अध्यक्ष म्हणाले, "देवधर, अहवाल?"

देवधर उभे राहिले. "एक ते चार या वेळात कुत्रा भुंकत नाही."

सरोजनं माझा हात घट्ट धरला. सुभेदारांनी टाळ्या वाजवल्या. कांतीलालशेठनी पहिल्यांदाच छतावरची नजर खाली आणली.

चौथ्या मजल्यावरच्या काकू उठल्या. "आधी भुंकायचा, मी स्वतः ऐकलंय! पण आता शांत आहे हे खरं. असो, मिटलं. समिती बंद करून टाका."

"बंद करता येणार नाही," देवधर म्हणाले. "निरीक्षक दाराशी बसलेला असताना कुत्रा भुंकत नाही, एवढंच सिद्ध झालंय. निरीक्षक नसताना काय करतो, याचा पुरावा नाही. तेव्हा निरीक्षण चालू ठेवणं भाग आहे."

"अहो, पण किती दिवस?" अध्यक्ष वैतागले.

देवधर सरोजकडे वळले. "कुत्रा साधारण किती वर्षं जगतो?"

"बारा... तेरा वर्षं, काका."

"लिहा," देवधर अध्यक्षांना म्हणाले. "तोपर्यंत."