नळीतलं पांढरं पाणी

गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यापासून भंडाऱ्यातल्या आमच्या लहानशा लॅबमध्ये तिकडून येणारी माणसं कमी झाली होती. मी तिथे रक्त घ्यायचं आणि तपासायचं काम करायची. त्याच दिवसांत माझा थोरला भाऊ आंधळगावहून नात्यातल्या एका लग्नाच्या खरेदीसाठी माझ्याकडे मुक्कामाला आला.

दादा हातमागावर विणायचा. चाळिशी ओलांडलेली, हातपाय काटकुळे, पण पोट पुढे आलेलं. मागावर बसला की समोरचं आडवं लाकूड पोटाला टेकायचं. गावातले लोक त्याला खात्यापित्या घरचा म्हणत आणि वहिनीला ते ऐकून बरं वाटे. हल्ली मात्र त्याला दम लागायचा, जेवण झालं की डोळे मिटायचे. म्हणून सकाळी उपाशीपोटीच त्याला लॅबमध्ये नेलं.

रक्त मशीनमध्ये फिरवलं की लाल भाग खाली बसतो आणि वर पिवळसर, नितळ पाणी राहतं. दादाच्या नळीतलं वरचं पाणी दुधासारखं पांढरं होतं. त्याने चोरून काही खाल्लं असेल, असं वाटून मी बाहेर येऊन विचारलं.

"चहा बी नाही घेतला, बाई," तो म्हणाला. "काहून, काय झालं?"

आमच्या डॉक्टरांनी नळी उजेडात धरून पाहिली, त्याची कंबर मोजली आणि रोजचं जेवण विचारलं. सकाळी रात्रीचा भात फोडणी देऊन, दुपारी भात, रात्री भात, मधे मुरमुरे आणि गोड चहा. भाजी तोंडी लावण्यापुरती. अन्न पचलं की त्याचे बारीक अंश रक्तात उतरतात, डॉक्टर सांगू लागले. भाताची, साखरेची जेवढी शक्ती कामात खर्च होत नाही, तिची यकृत चरबी करतं आणि रक्तात सोडतं. ती पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठते. तिथेही ती गप्प राहत नाही, पुन्हा रक्तात झिरपत राहते आणि शिरा खराब करते. हातपाय बारीक आहेत म्हणून फसू नका, असं ते दादाला म्हणाले. दादा मान खाली घालून पोटाकडे बघत बसला.

रविवारी औषधं घेऊन मी आंधळगावला गेले आणि वहिनीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"म्हणजे माह्या हातच्या जेवणानंच त्याईचं रक्त असं झालं?"

तसं नाही, मी म्हटलं. आपल्याकडे सगळेच असं जेवतात, एखाद्या शरीराला ते सोसत नाही. तिला ते पटलं नाही.

त्यानंतर ती ज्वारीच्या भाकरी थापायला शिकली. चौफेर धानाची शेतं, ज्वारी मात्र बाजारातून विकत आणायची. डाळ, पालेभाजी, दुपारी मूठभर भात. तो जेवायला बसला की स्वतःही भाकरीच खायची. दादा चावत राहायचा. काही महिन्यांनी त्याचं रक्त पुन्हा तपासलं तेव्हा वरचं पाणी पुष्कळ नितळलं होतं. पोट उतरलं होतं. मला आनंद झाला. पण त्याचा चेहराही ओढल्यासारखा दिसत होता आणि घरी काही कमी पडलं का, असं लोक त्याला विचारू लागले होते.

दिवाळीच्या आधी तो मागावरच कोसळला. भंडाऱ्याला आणेपर्यंत संपला होता. शिरांचं नुकसान फार जुनं होतं, डॉक्टर म्हणाले. इतक्या थोड्या दिवसांत ते कसं भरून येणार?

तेराव्याला आलेल्या बायका माजघरात कुजबुजत होत्या, बाईनं नवऱ्याला भाताविना मारलं. मी उठून त्यांना ते पांढरं पाणी सांगितलं, त्याच्याही कितीतरी वर्षं आधी सुरू झालेला आजार सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. वहिनी भिंतीला टेकून बसली होती.

"राहू द्या बाई," ती म्हणाली. "खाऊ घातलं तरी मीच, नाही घातलं तरी मीच."

वर्षभरात माग विकला गेला. वहिनी आता लाखांदूरकडे माहेरी असते. मी भेटायला जाते तेव्हा आम्ही पाऊसपाण्याचं बोलतो. दादाचा विषय निघाला की ती उठून आत जाते आणि मी तिच्या मागे जात नाही.