पान्हा चोरणारा कॉम्प्युटर

बेल्ह्याच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या दूध डेअरीचा मी सेक्रेटरी. कॉम्प्युटरचा पासवर्ड कुणाला न सांगता मीच बदलला होता. सकाळी दुधाची नोंद करणारं सॉफ्टवेअर सुरू होईना, तेव्हा खापर मात्र ऑपरेटर वैशालीवर फोडलं. "उद्यापासून येऊ नको," असं भर रांगेत तिला बोललो.

दुरुस्तीला नारायणगावहून एक बाई स्कूटरवर आल्या. त्यांचं नाव विचारायचंही राहून गेलं. ओढणीला हात पुसून मगच त्यांनी कीबोर्डला हात लावला. जो मेसेज आम्ही न वाचताच बंद करत होतो, तो त्यांनी शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला. सॉफ्टवेअरला लागणारी एक सर्व्हिस, म्हणजे त्याच्यामागं आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, सुरूच होत नव्हती.

कॅन घेऊन उभा असलेला म्हातारा म्हणाला, "ताई, म्हशीवानी पान्हा चोरला का काय यानं?"

त्या हसल्या. "तसंच झालंय बाबा. धार काढणारा हात बदलला, की म्हैस अडतीच ना? कुणी बदललं ते मला नको. काय बदललं, तेवढं सांगा."

सगळ्यांनी वैशालीकडं पाहिलं. बाईंनी कुणाकडंच पाहिलं नाही, त्या पडद्याकडं तोंड करून शांत थांबल्या. त्या थांबण्यानंच मला धीर आला. वाकून त्यांच्या कानात म्हणालो, "पासवर्ड," आणि नवा पासवर्डही हळूच सांगितला.

सर्व्हिस अजून जुनाच पासवर्ड वापरत होती, त्यांनी तिला नवा दिला. सॉफ्टवेअर उघडलं, रांग सरकली. बाई आपली बॅग आवरू लागल्या. मी तेवढ्यावर सुटलो असतो.

पण रांगेच्या देखत मी म्हणालो, "वैशाली, पासवर्ड मी बदलला व्हता. तुझी कायबी चूक न्हाई. मला माफ कर, आन् उद्या ये."