वच्छीचे दोन तास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. नव्या शिक्षिका विचारतात, ‘बाई, नोकरी आणि संसार सांभाळून ट्रेनिंगच्या परीक्षेला वेळ कुठून काढला?’ मी सांगते, पहाटे उठत होते. खोटं आहे ते. पहाटे मी विहिरीवर पाणी भरत असायचे.

धम्मदीक्षेनंतरचं वर्ष. तळेगावजवळच्या आमच्या वस्तीत शिकण्याचं नुसतं वारं सुटलं होतं — म्हातारेसुद्धा पाटी घेऊन बसायचे! सातवी पास झाल्यावर मी मास्तरीण झाले होते, पण ट्रेनिंग नव्हतं. बाहेरून परीक्षेला बसायची परवानगी आली, त्या दिवशी मी शाळेतून घरी अक्षरशः पळत आले. मूल कसं शिकतं, का विसरतं — यावर पुस्तकं असतात, हेच मला माहीत नव्हतं! पहिलं पुस्तक उघडलं आणि चूल पेटवायचंच विसरले. तुम्हाला झालंय कधी असं?

पण वाचणार कधी? सासूबाई दम्याच्या. शाळा सुटली की दळण, चूल, भाकरी. मला रोज दोन तास हवे होते. कुणाचे तरी.

माझी नणंद वत्सला — आम्ही वच्छी म्हणायचो — माझ्याच वर्गात चौथीत होती. अकरा वर्षांची. पाचवीची शाळा तीन मैलांवर. तिकडे गेली असती तर दिवेलागणीलाच परतली असती. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अक्षरओळख नव्हती. त्यांनी मलाच विचारलं, “सूनबाई, पोरीले पाचवीत टाकाव काय? तू मास्तरीण, तूच सांग.”

तिचा गणिताचा पेपर मीच तपासला होता. एकही उदाहरण चुकलं नव्हतं. एक तर तिनं माझ्यापेक्षा सोप्या रीतीनं सोडवलं होतं.

मी म्हणाले — काय म्हणाले असेन? — “तिचं गणित लय कच्चं हाय, मामाजी. वरसं वाया जातीन.”

मामाजींनी तिचं नाव पाचवीत घातलं नाही. वच्छी दाराशीच उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग — तिनं विश्वास ठेवला. बाई म्हणते म्हणजे खरंच असणार.

आणि मला तास मिळाले! चार ते सहा, रोज, वर्षभर. “तू वाच ना वं वहिनी, भाकरीचं माह्याकडे लागलं,” म्हणायची. पुस्तकावर कोंबड्या येऊ नयेत म्हणून हाकलत बसायची. खोटं कशाला बोलू, ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे तास होते. एकेक पान उलटताना अंगावर काटा यायचा. हुशार मूल शिक्षकाच्या एका शब्दानं कसं खचतं, हेही मी तेव्हाच वाचलं. खाली पेन्सिलीनं रेघ मारली, पाठ केलं, आणि पुढचं पान उलटलं.

निकाल लागला. पास! वच्छीनं माझ्या हातातून साखरेची पुडी ओढून घेतली आणि वस्तीभर पळत सुटली — “माही वहिनी पास झाली वं!” पाचवीत गेलेल्या मैत्रिणींच्या हातावरही तिनं साखर ठेवली. मी दारात उभी होते. हसत होते. मला फार आनंद झाला होता.

वच्छी आता समुद्रपूरला असते. मी वर्षातून दोनदा जाते, जेवून येते. तिला अजून माहीत नाही.