गडग्याच्या अलीकडचं गवत

आमच्या गावच्या डोंगराला वणवा लागला तेव्हा मी दुबईत, अल बर्शात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. चुलतभावाने व्हिडिओ पाठवला. आग आमच्या काजूच्या बागेतून वर चढली आणि दगडांचा बुटका गडगा ओलांडून शेजारच्या बागेत शिरली. ती बाग ज्यांची, त्या भाभीही दुबईतच, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहतात. त्यांच्या सासऱ्यांनी लावलेली झाडं होती ती.

दिवाळीनंतर गवत वाळलं की प्रत्येकाने गडग्यालगतचं आपल्या बाजूचं गवत कापून पट्टा मोकळा ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. गावात राहणारे ते हाताने करतात, आम्ही फोनवरून. त्या वर्षी चुलतभावाने आठवण करून दिली होती. मी म्हणालो होतो, इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात बघू. वणवा कुणी लावला ते कळलं नाही. पण तो भाभींच्या झाडांपर्यंत कशाच्या आधाराने गेला, ते मला माहीत होतं.

भाभी चित्रं काढतात, मीही काढतो. इथल्या आम्हा कोकणातल्या हौशी चित्रकारांचं दर हिवाळ्यात एका हॉलमध्ये छोटं प्रदर्शन असतं. यंदा सगळ्यांनी वणव्यावरच काढायचं ठरलं. जुलैत भाभी गावी गेल्या आणि जळक्या काजूचा पिशवीभर कोळसा घेऊन आल्या. विमानतळावर बॅग तपासणाऱ्याने विचारलं, बार्बेक्यू का? त्या म्हणाल्या, नाही, ड्रॉइंग. तो हसला आणि यल्ला म्हणून त्याने सोडून दिलं. त्याच कोळशाने त्यांनी काळी खोडं काढली. पावसात बुंध्यातून आलेले तांबूस फुटवे तेवढे रंगात.

मी वणव्याआधीची माझी बाग काढली. जलरंगात, हिरवीगार, स्वच्छ.

चित्रं लावायच्या दिवशी सकाळी भाभींनी दोन्ही शेजारी ठेवली. मधे गडगा यावा आणि दोन्ही बागा जोडून दिसाव्यात, अशी त्यांची कल्पना होती. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"भाऊ, तुमच्या बाजूचं गवत कुठे गेलं?"

आवाजात राग नव्हता. मी सांगितलं, त्या वर्षी गवत कापलंच नव्हतं, माझ्या आळसामुळे. हे त्यांना ठाऊक नसेल, असं मी इतके महिने धरून चाललो होतो.

"ते गावात सगळ्यांना माहीत आहे," त्या म्हणाल्या. "चित्रात मात्र कापलंत. असं मी माझ्या चित्राशेजारी नाही लावणार."

चित्र घरी आणलं. हिरव्यावर दाट पिवळा रंग चढवत गेलो. गडग्याला टेकलेलं, कमरेएवढं, वाळकं गवत. चित्र आधीपेक्षा वाईट दिसायला लागलं.

"बाबा, यू आर स्पॉइलिंग इट," मुलगी म्हणाली.

मी म्हणालो, हो.

संध्याकाळी भाभींनी ते हातात घेऊन पाहिलं. "आता जुळतं," म्हणाल्या आणि स्वतःच्या हाताने आपल्या चित्राशेजारी लावलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आणि यंदाचं?"

दिवाळी होऊन गेली होती. मी हॉलबाहेर जिन्यात जाऊन चुलतभावाला फोन लावला. म्हटलं, उद्याच माणसं लाव, आणि भाभींच्या बाजूचंही कापून घे.

त्यांच्या बाजूचं गवत त्यांनी केव्हाच कापून घेतलंय, तो म्हणाला. राहिलंय ते फक्त आपलं.