रुंद तोंडाची पायली

महाराष्ट्र राज्य होऊन नववं वर्ष चालू होतं. त्या वर्षीच्या पौषात, मोताळ्याच्या आठवडी बाजारात, एका धान्य व्यापाऱ्याने माझ्या मावशीची तूर घ्यायला नकार दिला. तूर कोरडी होती, निवडलेली होती, किडलेली नव्हती. नकार मापाला होता. ते माप मी तयार केलं होतं.

मी तेव्हा एका मोठ्या शहरातल्या संस्थेत डिझाइन शिकत होतो. रोजच्या वापराच्या वस्तू कशा असाव्यात, हा तिथला विषय. त्या वर्षी संस्थेत ॲक्रिलिकचे पत्रे आले होते. काचेसारखं पारदर्शक, पण पडलं तरी न फुटणारं प्लास्टिक. कार्यशाळेत ते तापवून वाकवता यायचं. उद्याचा काळ या पदार्थाचा आहे, असं आमचे अध्यापक सांगत. काम दिलं गेलं ते असं: या नव्या पदार्थातून रोजच्या गरजेची एक वस्तू करा आणि तिची प्रेरणा भिंतीवर लावा. प्रेरणा लावायची म्हणजे परदेशी मासिकांतली चित्रं कापून टाचण्यांनी टोचायची. माझ्या शेजाऱ्याने शिंपले लावले होते आणि तो दिवा करत होता. पलीकडचा रेडिओची पेटी करत होता. मी भिंतीवर पायलीचं चित्र काढून लावलं.

पायली हे धान्याचं माप. किलोची वजनं केव्हाच आली होती, पण ती मोठ्या मालासाठी. पोत्या-दोन पोत्यांचा माल मोताळ्यात अजून मापानेच घेतला जायचा. माप काठापर्यंत भरून थांबायचं नाही, वर धान्याचा ढीग यायला हवा. त्या ढिगाला शीग म्हणतात. शीग घेणाऱ्याची, हा रिवाज. त्यात वावगं कुणालाच वाटत नव्हतं.

कपाशीच्या शेतात मधूनमधून तुरीचे तास, म्हणजे तुरीच्या ओळी, असतात. मावशीच्या घरी कपाशी काकांची आणि तुरीचे तास मावशीचे, अशी वाटणी लग्नापासून होती. ती तूर ती स्वतः कापायची, झोडायची, पाखडायची आणि स्वतः बाजारात न्यायची. घरी बारा पायल्या भरलेली तूर व्यापाऱ्याकडे दहा भरायची. दरवर्षी. ती म्हणायची, "माह्याच हाताले मोजता येत नाई वाटते." मोजण्यात तिची चूक आहे, असं तिला वीस वर्षं वाटत होतं.

उन्हाळ्याच्या सुटीत मी व्यापाऱ्याच्या दुकानी गेलो. दुकानात मोजणीला एक मापारी असायचा. त्याच्याकडे मी पायली थोडा वेळ मागितली.

"कायले पायजे बे?"

"पाणी मोजायचंय."

"पानी?" तो हसला. "एवढं शिकून पानी मोजून राह्यला का तू? मोज बाप्पा. विहिरीवर ने, पन सांडू नको."

मावशीच्या घरची पायली आणि व्यापाऱ्याची पायली, दोन्हींत पाणी सारखंच मावलं. थेंबाचा फरक नव्हता. मग दोन्हींत तूर शिगेनं भरली. मावशीच्या पायलीवर एक ओंजळ बसली. व्यापाऱ्याची पायली बसकी होती आणि तिचं तोंड परातीसारखं पसरट होतं. तिच्यावर तीन ओंजळी बसून चौथी घसरू लागली. तोंड जितकं रुंद, तितकी शीग मोठी. व्यापारी खोटं माप वापरत नव्हता. तपासनीस आला असता तर त्याला पायलीत काही सापडलं नसतं. लूट मापाच्या वर होती, हवेत.

त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की ती पायली कुणीतरी विचार करून घडवली आहे. रुंदी ठरवली आहे, उंची ठरवली आहे. आमच्या संस्थेत ज्याला उत्तम डिझाइन म्हणाले असते, तशीच ती होती. ती कुणासाठी घडवली, एवढाच प्रश्न होता, आणि संस्थेत तो प्रश्न कुणी विचारत नव्हतं.

पहिलं माप मी ॲक्रिलिकचं केलं. उभं नळकांडं, काठाच्या दोन बोटं खाली लाल रेघ. रेघेपर्यंत धान्य भरायचं, शीग नाही, आत काय आहे ते देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही दिसतं. अध्यापकांनी ते खिडकीपाशी धरून फिरवून पाहिलं. वर्गाला बोलावलं. "नवं साहित्य आणि मातीतली प्रेरणा," ते म्हणाले.

दिवाळीला मी ते मावशीकडे नेलं. तिने त्यात रेघेपर्यंत मूग घातला, हात थांबवला, आणि माप माझ्याकडे सरकवलं.

"वरतं रिकामं काऊन ठेवलं?"

"रेघेपर्यंतच भरायचं मावशी. तेवढीच पायली."

"उनं माप मी कोनाले देऊ? सनासुदीचं? अन् घेईन तरी कोन?"

"अगं पण त्यात तुझाच फायदा आहे."

"मले फायदा नको अशातला. रित्या मापानं मोजनं बरं नसते. लायनाचा मोठा झाला इथी, तुले हे मालूम नाई?"

मला माहीत होतं. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे मी याच घरात शिकलो होतो. मोजण्यात भरलेपण असावं लागतं. शहरात दोन वर्षं राहून मी ते नुसतं विसरलो नव्हतो, कागदावर खोडून टाकलं होतं. आधी मला तिचाच राग आला. तिच्या भल्यासाठी केलेलं तीच नाकारते, असं वाटलं. तो राग ओसरायला दोन दिवस लागले. लुटीला तिची हरकत होती, शिगेला नव्हती. मी शीगच काढून घेतली होती.

दुसरं माप मी जस्ती पत्र्याचं केलं. पायलीएवढंच, पण उंच आणि तोंडाला अरुंद. काठोकाठ भरायचं आणि वर शीगही द्यायची. शीग मुठीएवढी बसायची. पत्रा यासाठी, की मोताळ्यात डबे करणारा कुणीही ते पाहून उद्या दुसरं करू शकला असता.

अध्यापकांनी ते हातातही घेतलं नाही.

"यात नवं काय आहे? हा डबा आहे."

मी पाण्याचा प्रयोग सांगितला, शिगेचा हिशोब फळ्यावर मांडला. ते म्हणाले, हे सगळं ठीक आहे, पण तंत्रज्ञान कुठे आहे? वार्षिक प्रदर्शनात ॲक्रिलिकचं माप ठेवलं गेलं. त्याच्या खालच्या पाटीवर लिहिलं होतं, प्रेरणा: ग्रामीण बाजार. ज्या मापाने ग्रामीण बाजारातल्या एका बाईने मूठभर मूगही मोजून दिला नव्हता, त्याखाली ते लिहिलं होतं. मी लेखी हरकत घेतली. पाटी बदलावी, किंवा माप बाजारात चाललं नाही हे तिच्यावर लिहावं, अशी दोन वाक्यं. उत्तर आलं नाही. प्रेरणा हा शब्द मी तेव्हापासून माझ्या कामात वापरलेला नाही. ज्याच्याकडून घेतलं त्याला पुन्हा काही विचारावं लागू नये, म्हणून तो शब्द वापरला जातो, हे मी तिथे पाहिलं.

पौषात मावशी पत्र्याचं माप घेऊन बाजारात गेली. मी सोबत होतो. मापाऱ्याने आपली पायली पुढे ओढली. मावशीने तिच्याशेजारी स्वतःचं माप ठेवलं.

"यानं मोजा दादा."

"हे काय आनलं बाई? दुधाची बरनी?"

"पायलीच हाय. पानी भरून पाहा."

मापाऱ्याने खरंच पाणी भरून पाहिलं. दोन माणसं पाहायला थांबली. पाणी सारखं निघालं. त्याने गादीवर बसलेल्या व्यापाऱ्याकडे पाहिलं.

"बरोबर हाय सेठजी."

"असेल बरोबर," व्यापारी म्हणाला. "पण मी काय इथे पाणी घ्यायला बसलो? मी तूर घेतो. आमच्या मापानं."

"मंग तुमच्या मापानं घ्या," मावशी म्हणाली, "पन वरतं हात फिरवा. सपाट घ्या."

"बिना शिगेचं?" मापारी हसला. "तसं तं मयताच्या घरी मोजतात. तुह्या घरी मयत झाली का बाई?"

बघणारेही हसले. मावशी हसली नाही.

"शीग देतो मी. माह्या मापावर देतो. तुमच्या परातीवर नाई देत."

"मग घेऊन जा," व्यापारी म्हणाला. "पुढचा या."

मागे रांगेत बायका होत्या. पुढची बाई पुढे झाली आणि तिचं धान्य रुंद पायलीत पडायला लागलं. तिला मी दोष देत नाही. तिला पाच कोस परत जायचं होतं.

मावशीने पोतं भाजीच्या ओळीत नेलं. ओळखीच्या माळणीशेजारी बसून ती घरगुती गिऱ्हाइकांना पायली-पायली तूर विकू लागली.

"शीग लायनी हाय वो तुह्या मापाची," एक बाई म्हणाली.

"मापाचं तोंडच लायनं हाय. पोट पाहाय. घे, वरून मूठ घे."

बाईने मूठ घेतली. दुपारपर्यंत पाच पायल्या गेल्या. मग बाजाराच्या ठेकेदाराचा माणूस आला. भाजीच्या ओळीत धान्य विकता येत नाही, असं त्याने सांगितलं. धान्याच्या ओळीत जागा कुठे मिळेल, असं मी विचारलं. ती व्यापाऱ्यांची आहे, असं तो म्हणाला. नियम कुठे लिहिला आहे, हे विचारल्यावर त्याने पोत्याला पाय लावला. मावशीने पोतं बांधलं.

पुढच्या दोन बाजारांना ती गेली नाही. व्यापाऱ्याच्या दुकानी तीच पायली चालू होती, असं माळणीने सांगितलं. उरलेली तूर मावशीने माघात घरच्या जात्यावर भरडली आणि तिची डाळ केली.