चूलबंद आवतण

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि शुद्धलेखनाचं तर विचारूच नका. चौथीनंतर शाळा सुटली, ऱ्हस्व-दीर्घ तिथंच राहिलं. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्या. खरं म्हणजे मी हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, वहीत फुटतो. पण लिहिताना समोर तुम्हीच दिसता, गावात राहिलेले आणि माझ्यासारखे पोट घेऊन इकडे पिंपरी-चिंचवडला आलेले.

बावीस वर्षांपूर्वी आमच्या घरातून एकाच दिवशी दोन मुली निघाल्या. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, मिशनचं. चर्चच्या भोवती आमचं धरून चोवीस कॅथलिक घरं. माझी थोरली बहीण, आक्का, कॉन्व्हेंटात सिस्टर व्हायला निघाली होती. आणि मी, लग्नाला दोन महिने झालेली, कंपनीत लागलेल्या नवऱ्यामागं पिंपळे गुरवला. नगरपर्यंत दोघींची एसटी एकच होती.

आक्काच्या गळ्यात तीन हार होते. फादरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बायका तिच्या हाताचे मुके घेत होत्या. माझ्या एका हातात पिठाची पिशवी आणि दुसऱ्या हातात रॉकेलचा स्टोव्ह. आमचे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणतो, येईल त्याला सांगत होते, "एक लेक देवाला दिली, एक कंपनीला." लोक हसले. मीही हसले.

आक्काचं शिक्षण डोंगरातल्या थंड गावी होणार होतं. तिच्या स्वेटर-बुटासाठी तेवीस घरांनी प्रत्येकी वीस रुपये काढले होते. चारशे साठ रुपये, एका पाकिटात, अप्पांच्या कोटाच्या खिशात. नगरच्या बाजारात खरेदी करायची आणि तिला गाडीत बसवून द्यायचं, असं ठरलं होतं. नगरला उतरल्यावर अप्पांनी खिशात हात घातला तर पाकीट नाही. त्यांनी सगळे खिसे उलटे केले. एसटीत पुन्हा चढून बाकड्याखाली पाहिलं. स्टँडवर वाकून वाकून फिरले. आक्का म्हणाली, "राहू द्या अप्पा, शाल आहे माझ्याकडं."

मी बाजूला उभी होते. पाकीट माझ्या पिठाच्या पिशवीत होतं.

सकाळी कोट खुंटीला होता तेव्हा मी ते काढलं. खोलीचा मालक हजार रुपये डिपॉझिट मागत होता, आमच्याकडं साडेपाचशे होते. डिपॉझिट नसेल तर मला सासरी ठेवून नवरा एकटाच राहणार होता. पण नुसती गरज होती असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला होता. सगळं गाव तिच्यासाठी, माझ्यासाठी कुणी पाच रुपयांचा हारसुद्धा आणला नाही. मी कंपनीला दिलेली ना, मग देवाचा आणि माझा काय संबंध, असं मनात आलं. नवऱ्याला सांगितलं, आईनं दिले. डिपॉझिट भरून दहा रुपये उरले, त्याचं रॉकेल आणलं.

इकडचे दिवस तुम्हाला माहीत आहेत. दहा बाय दहाची खोली, नळाला नंबर, नवऱ्याचा ओव्हरटाइम. पोरं शाळेत जायला लागल्यावर मला चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये काम मिळालं. फर्स्ट शिफ्ट, नाशिक फाट्यावरून बस. इथं मी पोळीला चपाती म्हणायला शिकले आणि सुट्टीला ऑफ. गावात मी दहा माणसांच्या भाकरी थापायची. इथं पीठ मशिन मळतं, लाट्या मशिन करतं, आणि आम्ही सहा बायका भाजून भाजून हजार माणसं जेवू घालतो. मला हे काम आवडतं. तव्यापुढं कुणाशी बोलावं लागत नाही.

रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचो. गावच्या चर्चमध्ये कोण कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक. इथं वसईचे, गोव्याचे, केरळचे, आमच्या नगर-जालन्याचे, सगळे एका बाकावर. कम्युनियनला सगळे उठायचे आणि मी बसून राहायची. पाप लपवून प्रसाद घ्यायचा नाही, एवढं लहानपणी शिकलेलं पक्कं होतं. आधी मांडीवरच्या थोरल्याचं निमित्त होतं, मग धाकटीचं. पोरं मोठी झाली तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं, गुडघा धरतो, रांगेत उभं राहवत नाही. गुडघ्याला काहीसुद्धा झालं नव्हतं. कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढं पाप कबूल करायला, दोन-तीनदा गेले, पोरांना मारलं, शेजारणीशी भांडले, एवढं सांगून उठले. मला वाटायचं, हे देवाच्या मुलीचे पैसे, साध्या फादरांच्या हातात याची माफी नसणार. थेट बिशपांपुढं उभं करतील.

आणि एक सोयही होती. वीजबिलाची रांग नवऱ्याकडं, तसं आमच्या घरातलं पवित्र राहायचं काम आक्काकडं, असं मी धरून चालले होते. घरटी एक माणूस दिलं की झालं.

नाताळला गावी जायची तेव्हा मात्र जीव खाली-वर व्हायचा. चर्चच्या कामाची वर्गणी निघाली की मास्तर, म्हणजे चर्चमध्ये पोरांना धर्मशिक्षण देणारे गृहस्थ, हमखास म्हणायचे, "अप्पाकडं नगा देऊ बरं, रस्त्यात सांडतंय त्याच्याकडनं." सगळे हसायचे, अप्पाही हसायचे. पण वर्गणीचा पैसा त्यांनी पुन्हा कधी हातात धरला नाही. मी मागच्या दारी भांडी घासत बसायची.

मागच्या नोव्हेंबरात सर्व संतांच्या सणाला इथले फादर म्हणाले, "आजचा सण फक्त पुतळ्यांचा नाही. संत होण्याचं बोलावणं फादर-सिस्टरांना जेवढं आहे तेवढंच मशिनवरच्या माणसाला आणि कॅन्टीनमध्ये चपात्या भाजणाऱ्या बाईला आहे. तुमचं काम, तुमचं घर, तिथंच ते व्हायचं." मी खाली मान घातली. यांना कुणी सांगितलं असेल? नंतर वाटलं, बोलायला काय, फादर असंच बोलतात.

त्याच आठवड्यात माझ्या शेजारच्या तव्यावरची शांता पत्रिका घेऊन आली. लातूरकडची, मोकळ्या तोंडाची बाई. तिच्या लेकीचं लग्न होतं.

"सुमनताई, चूलबंद आवतन हाय बरं का. समदे या."

"मी येईन. यांची सेकंड शिफ्ट आहे, पोरांचे क्लास."

"अवो, घरटी एक म्हनलं का मी? चूलबंद म्हनलं. त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटली तर मला कळंल. न्हाई आलात तर रुसंन. पन मला बोलावलंच न्हवतं असं म्हनायचं न्हाई."

माझा हात तव्यावरच राहिला. चपाती करपली, सुपरवायझर ओरडला. आवतण घरटी एक नव्हतंच. आक्का गेली म्हणून मी सुटले नव्हते. देवानं मलाही बोलावलं होतं, आणि बावीस वर्षं मी त्याच्याच घरचं पाकीट लपवून बाहेर बसले होते.

शनिवारी मी कन्फेशनला गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं आता बिशपांचं नाव निघेल. फादर म्हणाले, "देव माफ करतो, त्यात शंका नको. पण पैसे ज्याचे त्याला परत करायचे. जमेल?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी कम्युनियनला उठले तेव्हा नवरा माझ्या पायांकडं बघत कुजबुजला, "गुडघा बरा झाला का?" मला हसू आलं आणि रडूही. घरी येऊन त्याला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "त्या रॉकेलवरचा चहा मीपण प्यालोय. निम्मे माझ्याकडचे घे."

आक्काला फोन केला. ती आता एका वसतिगृहात मुली सांभाळते.

"आक्का, ते पाकीट मी घेतलं होतं."

"कुठलं पाकीट गं?"

"स्वेटर-बुटाचं."

मग ती जी हसायला लागली! "अगं बया, म्हणजे त्या बुटांना तू कारण! कॉन्व्हेंटच्या मोठ्या मदरनी मला स्वतःचे जुने बूट दिले होते, दोन नंबर मोठे. चालताना असे वाजायचे की पोरी म्हणायच्या, हवालदार आले." हसून झाल्यावर तिचा आवाज बदलला. "अप्पांना सांगितलंस? मला थंडी एकच वर्ष वाजली, सुमे. त्यांचं तसं नाही."

मी म्हटलं, "तुला पैसे पाठवते."

"मला कुठं घेता येतात? गरिबीचं व्रत आहे. माझ्या नावावर रुमाल नाही. ज्यांचे होते त्यांना दे. तेवीस घरं."

"दारोदार? मला नाही जमायचं आक्का. तू देवाची आहेस, तूच माझ्यासाठी प्रार्थना कर."

"प्रार्थना करीन. पण तू जेवलीस तर माझं पोट भरतं का? तुझं तुलाच जायला पाहिजे."

नाताळला गावी गेले. दुपारी अप्पा अंगणात शेंगा फोडत बसले होते. आता ऐंशीला आलेत. मी समोर बसले, शेंगा फोडायला लागले, आणि खाली बघूनच सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला.

"म्हंजी माझ्या खिशातनं पडलं न्हाय?"

"नाही अप्पा."

"नगरच्या स्टँडवर न्हाय, रस्त्यात न्हाय?"

"नाही."

ते उठले. कोट घातला, टोपी घातली. मला वाटलं, आता घरातून जा म्हणतील. "ऊठ," ते म्हणाले. "पयलं त्या मास्तराकडं. बावीस वरसं मला इसरभोळा म्हणतोय!"

फाटकाशी मात्र थांबले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मागायचं व्हतंस की गं. दिले असते मी." त्यांनी माझा हात धरला आणि आम्ही निघालो.

पहिल्या दारात माझी जीभ उचलेना. अप्पाच गरजले, "मास्तर, माझ्याकडनं सांडलं न्हवतं! हिनं नेलं व्हतं!" जगात कुणी मुलीच्या चोरीची बातमी इतक्या आनंदानं सांगितली नसेल. पाचव्या दारापर्यंत मी स्वतः बोलायला लागले. मी घेतले होते, चूक झाली, हे तुमचे वीस. म्हातारी माणसं गेली होती तिथं त्यांच्या लेकांना दिले. कुणी घेईना, तर अप्पा दरडावायचे, "घ्या, तिचं फिटायचं न्हाय न्हाईतर." एका घरानं वीस रुपये घेऊन टोपलीभर पेरू दिले. एका घरानं पैसे घेतले आणि दार लावलं. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. तेही बरोबरच आहे. त्या नाताळला चर्चच्या जेवणाची वर्गणी मास्तरांनी अप्पांच्या हातात दिली. अप्पांनी ती चार वेळा मोजली.

एका दाराला कुलूप होतं. बायजामावशी लेकाकडं राहायला गेली होती. कुठं, तर मारुंजीला, माझ्याच बाजूला. लेक कॅब चालवतो.

परत आल्यावर ऑफच्या दिवशी वाकडला बस बदलून निघाले. खिडकीतून त्या उंच उंच इमारती बघत होते. आधी गाव माझं घर होतं, पण तिथं मी मागच्या दारी बसायची. इथंही माझं घर होतं, पण त्याच्या डिपॉझिटमध्ये ते पाकीट होतं. दोन्हीकडं घर असून मी कुठंच नीट बसले नव्हते. आता दोन्हीकडं पुढच्या दारानं जाते. मला घर म्हणजे एवढंच कळतं.

मावशी पाचव्या मजल्यावर गॅलरीत बसली होती. "कंपनीवाली सुमी व्हय?" तिनं लगेच ओळखलं. मी सांगितलं, नोट पुढं केली.

"ईस रुपयं? बाई, ईसाला आता दोन अंडी येत्यात. तवा डझनभर येत व्हती."

"मग किती देऊ मावशी?"

"ईसच दे. म्या ईसच दिलं व्हतं. जास्ती घेतलं तर ते माझ्या अंगावर यील. मलाबी जायचंय की वर." मग डोळे बारीक करून म्हणाली, "आनि कुनाचं ऱ्हायलंय?"

"कुणाचं नाही. तुझेच शेवटचे."

तिनं नोट उजेडाला धरून नीट पाहिली, कमरेच्या बटव्यात घातली आणि नाडी ओढली. चारशे साठ रुपये फिटले.